आम्ही दोघं ट्रेकर आणि बोर्ड गेमवेडे. ठरावीक साच्यातलं लग्न नकोय, पण आजीला अंतरपाट-मंगलाष्टकं हवीतच. काय करावं?

आजीच्या बाजूने उभे राहा. तुमच्या आवडी मिरवायला सगळ्यात मोकळी जागा तिनं मागितलेल्या गोष्टींतच आहे. नात्यातल्या लग्नांना मंगलाष्टकं मी लिहून देते, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

मंगलाष्टकांपासूनच सुरुवात करा. ‘शुभ मंगल सावधान’च्या आधी आत्या-मामांनी रचलेली कडवी म्हणायची रीत जुनीच आहे. फक्त बहुतेक कडव्यांत नावं बदलली की ती कोणालाही चालतात. तसं होऊ देऊ नका. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा. चाल सगळ्यांच्या कानात असते, म्हणून वाटतं तितकं अवघड नाही. तुमच्यासाठी एक शेवट आत्ताच सुचला: ‘जोडी ही चढते गडास मिळुनी, कुर्यात् सदा मंगलम्’. बाकीच्या ओळींत खरा तपशील घाला: पहिला ट्रेक कुठला, वाट कोण चुकतं, डबा कोण विसरतं. हॉलमध्ये हशा पिकतो तो अशाच ओळींना. पण कडवी दोन-तीनच ठेवा, अक्षता हातात धरून लोक कंटाळतात.

अंतरपाट म्हणजे तर कोरं कापडच. त्याला दोन बाजू असतात, याचा फायदा घ्या. तिच्याकडून तोरणा, त्याच्याकडून राजगड, मधली डोंगररांग दोन्हीकडे सलग. कापडावरचे रंग आणि एक रविवार पुरतो. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक आजीला काढू द्या.

बोर्ड गेमसाठीही जागा आयतीच आहे. लग्नानंतर नवरा-नवरी सुपारी सोडवतात, परातीतल्या पाण्यात अंगठी शोधतात. म्हणजे खेळ आपल्या लग्नात आधीपासून आहेतच. त्यांच्या पाठोपाठ दोन्ही घरच्यांची मिश्र जोडी करून पंधरा-वीस मिनिटांचा एखादा सोपा खेळ लावा. नियम समजावण्यातच अर्धा तास जाणारा मात्र नको. रुखवतात विकतच्या साखरेच्या बाहुल्यांऐवजी तुमचे झिजलेले बूट, दोर आणि नकाशे मांडलेत तरी चालेल. (बूट धुऊन.)

थेट गडावर लग्न करायचं मनात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. बरेच गड संरक्षित स्मारकं आहेत, परवानग्या लागतात, आणि ज्या आजीसाठी एवढं चाललंय तीच वर पोचणार नाही.

विधींबद्दलही थोडं. कन्यादान खटकत असेल तर गुरुजींशी आधीच बोला, आयत्या वेळी बोहल्यावर नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी या संस्थेच्या पद्धतीत अर्थ मराठीतून सांगतात, पौरोहित्य स्त्रियाही करतात. भटजीच नको असतील तर सत्यशोधक पद्धत आहे. ‘ही काय नवी फॅडं’ असं कोणी काका म्हणालेच तर सांगा, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज १८७३ मध्ये काढला आणि त्या पद्धतीचं पहिलं लग्न त्याच वर्षी लागलं.

विधी अजिबातच नको असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्याच्या १२ व्या कलमानुसार लग्न तुम्हाला हव्या त्या पद्धतीने लावता येतं. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं ठरलेलं वाक्य दोघांनी म्हणायचं, एवढीच अट. जादा शुल्क भरलं तर अधिकारी वाजवी अंतरावरच्या ठिकाणी येऊ शकतात. नोटीस मात्र किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, आणि ती देण्याआधी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला हवा. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती पुन्हा द्यावी लागते. म्हणून हॉलला आगाऊ रक्कम देण्याआधी या तारखा जुळवून घ्या.