टर्मसमोर २६, पानावर मात्र १९

नमस्कार. तुमची अडचण मला समजली ती अशी: वर्डप्रेसवर सोलापुरी चादर-टॉवेलची साइट, 'उत्पादन' आणि 'कारखाना' हे दोन कस्टम पोस्ट टाइप (म्हणजे नोंदींचे आपण बनवलेले प्रकार) आणि दोघांना मिळून 'प्रकार' ही एकच टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारी. तिच्यातला 'टॉवेल', 'चादर' असा एकेक वर्ग म्हणजे टर्म. 'टॉवेल'समोर २६ येतात, उत्पादनं १९च. 'चादर'समोर तर चक्क ०.

वर्डप्रेसच्या हिशेबाने दोन्ही आकडे बरोबर आहेत. टर्मसोबत येणारा 'काउंट' टर्म_टॅक्सॉनॉमी टेबलात आधीच मोजून ठेवलेला असतो. टॅक्सॉनॉमीला जोडलेल्या सगळ्या पोस्ट टाइपच्या प्रकाशित पोस्ट त्यात एकत्र धरल्या जातात, म्हणून ७ कारखाने टॉवेलांत जाऊन बसले. पोटटर्मच्या, म्हणजे टर्मखालच्या उपवर्गांच्या, पोस्ट मात्र त्यात येत नाहीत. तुमच्या सगळ्या चादरी 'सिंगल' आणि 'डबल'ला जोडल्यात, थेट 'चादर'ला एकही नाही. पोटटर्मच्या पोस्टही धरणारा पॅड_काउंट्स हा पर्याय लावलात तर शून्य जाईल, कारखान्यांची भेसळ राहीलच.

माझ्याकडे हे ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर झालं. तिथल्या चाटी गल्लीतले एक व्यापारी शेजारी बसून, स्क्रीनवर बोट टेकवत एकेक टॉवेल मोजत होते. "हितं ३१ लिवलंय, माल २४च हाय. गिऱ्हाईक बाकीचे मागंल की ओ, काय दाखवू त्याला?" तेव्हापासून दोन पोस्ट टाइपची टॅक्सॉनॉमी असेल तर तयार काउंट मी पानावर छापत नाही.

त्याऐवजी डब्ल्यूपी_क्वेरी (वर्डप्रेसची पोस्ट शोधायची सोय) वापरा. पोस्ट_टाइप 'उत्पादन', पोस्ट_स्टेटस 'पब्लिश', टॅक्स_क्वेरीत 'प्रकार' आणि टर्मचा आयडी. इन्क्लूड_चिल्ड्रन मुळातच ट्रू असतं, त्यामुळे सिंगल-डबल आपोआप येतील. फील्ड्स 'आयडीज', पोस्ट्स_पर_पेज १ ठेवा आणि आकडा फाउंड_पोस्ट्समधून घ्या, त्यात जुळलेल्या एकूण पोस्टची संख्या असते. बरेच जण उणे १ देऊन सगळ्या पोस्ट ओढतात आणि मग मोजतात. एका आकड्यासाठी अख्खं गोदाम बाहेर काढू नका. आणि ही एकूण मोजणी बंद करणारं नो_फाउंड_रोज ट्रू करू नका. वेग वाढवायच्या सल्ल्यांत ते हमखास असतं, पण इथे फाउंड_पोस्ट्स शून्य येईल आणि चूक कुठे झाली हे शोधण्यात दिवस जाईल.

मेनूत ३० टर्म असतील तर ही क्वेरी ३० वेळा चालेल. तिथे डब्ल्यूपीडीबीने (थेट डेटाबेसशी बोलणारा वर्डप्रेसचा भाग) एकच एसक्यूएल लिहा: पोस्ट्स, टर्म_रिलेशनशिप्स, टर्म_टॅक्सॉनॉमी जोडून, पोस्ट टाइप आणि स्टेटसची अट घालून, टर्म_आयडीवर ग्रुप बाय. फक्त पोटटर्मची बेरीज करून 'चादर'चा आकडा काढू नका. एकच चादर सिंगल-डबल दोन्हींत असली तर ती दोनदा मोजली जाते. मुख्य टर्मसाठी वरचीच क्वेरी बरी.

आकडे ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवा. तो पुसायला सेट_ऑब्जेक्ट_टर्म्स आणि ट्रान्झिशन_पोस्ट_स्टेटस हे दोन्ही हुक (ठरावीक घटना घडली की आपला कोड चालवणाऱ्या जागा) लागतात. उत्पादन ट्रॅशमध्ये टाकलं तर टर्म बदलत नाही, स्टेटस बदलतो. पहिलाच हुक लावलात तर जुना आकडा तसाच दिसत राहील.