रिपोर्ट नॉर्मल, मग ही धडधड कसली?

"मॅडम, कॉर्टिसॉल नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. मग सासूबाई म्हणतात तशी मी खरंच नाटकं करते का?"

कोकण किनाऱ्यावरच्या हर्णै बाजूच्या एका ताईंचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांच्या डोळ्यांदेखत घराचे पत्रे उडाले. तेव्हापासून माडांत वारा घुमला की छातीत धडधड, पोटात गोळा. उंबऱ्याबाहेर पाऊल पडत नाही. हात मात्र थांबत नाहीत. घड्या घातलेले कपडे उलगडायचे, पुन्हा घड्या घालायच्या.

"नाटक" हा शब्द माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी घरात ऐकलेला असतो. मला त्याचा फार राग येतो. म्हणून मी ताईंना उंदरांवरचे प्रयोग सांगितले.

शास्त्रज्ञ वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मेंढ्यांच्या मेंदूतून सीआरएफ नावाचं 41 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, शोधलं. ताण आला की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला हलवतं, तिथून एसीटीएच नावाचं हॉर्मोन सुटतं आणि त्यामुळे मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ताणाचं हॉर्मोन सोडतात. माणसात कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. हेच पेप्टाइड उंदराच्या थेट मेंदूत सोडलं, तर ओळखीच्या पिंजऱ्यात त्याची धावपळ वाढते. नव्या, उघड्या जागेत मात्र तो बिचकतो, हिंडत नाही, अंग चाटत बसतो. पिट्युटरी काढलेल्या उंदरांतही ती धावपळ वाढलीच. म्हणजे वागणं बदलायला रक्तातलं हॉर्मोन लागलंच नाही.

माणूस उंदीर नव्हे, हेही मी सांगितलं. सीआरएफला अडवणारी औषधं नैराश्याच्या रुग्णांवर अपेक्षेइतकी चालली नाहीत. पण मेंदूत काय चाललंय ते रक्ताच्या एका तपासणीत दिसत नाही, एवढं नक्की. ताई कितीतरी वेळ रडल्या.

मग मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घालून दिली. वारा असताना आधी पडवीत बसायचं, मग अंगणात, असं ठरवलं. सासूबाईंनाही बोलावलं. त्यांनी रास्त विचारलं, "मीपण तिथंच होते, मला का नाय झालं?" उंदीरही सगळे सारखे नसतात. पिल्लांना जास्त चाटणाऱ्या आईची पिल्लं मोठेपणी ताणात कमी हॉर्मोन सोडतात, हे 1997 मध्ये मायकेल मीनी यांच्या गटानं दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "हिची आय लहानपणीच गेली."

औषध चालू आहे. बाजारापर्यंत ताई एकट्या जातात. बंदराकडची वाट अजून बाकी आहे.