युद्धातील नैतिकता आणि कॅथलिक चारित्र्यविचार हे दोन्ही विषय एकाच अभ्यासकाच्या कारकिर्दीत एकत्र आलेले दिसतात का?

होय, आणि माझ्या मते त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ अॅन्सकोम (१९१९–२००१). विद्यार्थिदशेतच कॅथलिक झालेल्या या विदुषीने १९३९ मध्ये एका सहाध्यायासह पत्रक काढून, ब्रिटनचे जर्मनीविरुद्धचे युद्ध न्याय्य युद्धाच्या (म्हणजे युद्ध केव्हा आणि कसे लढणे नैतिक ठरते याच्या) कसोट्यांवर उतरत नाही, असे मांडले. १९५६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबाँब टाकण्याचा निर्णय घेणारे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी देण्याचे ठरवले, तेव्हा अॅन्सकोम यांनी सभेत उभे राहून विरोध केला, कारण उद्दिष्ट साधण्यासाठी निरपराधांना मारण्याचा निर्णय घेणे हा त्यांच्या लेखी खूनच होता. पदवी अर्थातच दिली गेली. त्या युद्धमात्राच्या विरोधक मात्र नव्हत्या. उलट सगळेच युद्ध पाप मानले, की सैनिक आणि निरपराध यांतला भेद पुसला जातो आणि मग कशालाच मर्यादा उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

चारित्र्याचा धागा १९५८ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात येतो. एखादे कृत्य ‘नैतिकदृष्ट्या चूक’ आहे असे मोघम म्हणण्याऐवजी ते अन्यायाचे आहे की असत्याचे, हे नेमके सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. निरपराधाला फाशी देणे कधी योग्य ठरेल का, हा प्रश्न ज्याला खुला वाटतो त्याचे मनच बिघडलेले आहे आणि त्याच्याशी वाद घालण्याची आपली इच्छा नाही, असेही त्यांनी तेथे बजावले. सद्गुणाधिष्ठित नीतिशास्त्राच्या, म्हणजे नियम वा परिणामांऐवजी माणसाच्या चारित्र्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या नीतिविचाराच्या, पुनरुज्जीवनाचा आरंभ बहुतेक अभ्यासक याच निबंधापासून मानतात.