पद्मिनीला ट्विन कार्ब लावण्याआधी इंजिन तपास

भावा, प्रीमियर पद्मिनी कारची पॉवर वाढवायची म्हणतोयस, पण ट्विन कार्ब (दोन कार्ब्युरेटर) आणि फ्री फ्लो एक्झॉस्ट (धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर) नंतर घे, आधी १०८९ सीसीच्या त्या जुन्या इंजिनात दम किती उरलाय ते बघ. रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेलेल्या इंजिनावर पॉवर वाढवायला गेलास तर धूरच वाढेल.

सगळ्यात आधी टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) करून घे, कारण टॅपेट टाइट असला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उगाच कमी दिसतं. मग इंजिन चांगलं गरम कर, चारही प्लग काढ, कॉइलची वायर काढ, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेव आणि एकेका सिलिंडरला प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मार. चारही आकडे एकमेकांच्या साधारण १० टक्क्यांत हवेत. एखादा कमी आला की त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोज, आकडा वर चढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलंय, जागचा हलला नाही तर बहुतेक व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सोबतच पडलेत तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय.

काढलेले प्लग ओळीने मांडून बघ बरं का, तपकिरी असेल तर उत्तम, काळा आणि तेलकट असेल तर त्या सिलिंडरवर लक्ष ठेव. ऑइल कॅपखाली दुधाळ चिकटा दिसला तर पाणी आत जातंय का ते शोध.

आणि ऑइल प्रेशर गरम इंजिनवर, आयडलला बघायचं हां, थंडीत सगळ्यांचंच छान दिसतं. मेकॅनिक नुसता आवाज ऐकून ओके म्हणाला तरी गेज लावायलाच सांग.