धुळ्यात रोज संध्याकाळी बॅडमिंटनचे डबल्स खेळतो. तीन हजारांत स्मॅशसाठी ३यूची हेड-हेवी (डोक्याकडे जड) रॅकेट घेऊ की हलकी?

हलकी घ्या. ४यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम; यूचा आकडा जितका मोठा तितकी रॅकेट हलकी. दांडी फार ताठ नको. "स्मॅशला वजन लागतं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ते मला आमच्या साडूंकडून ऐकावं लागतं.

सासुरवाडी अमळनेरची. आखाजीला लेकी माहेरी आल्या की मागोमाग आम्ही दोघे जावई. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस तयार होईपर्यंत सकाळी हॉलवर डबल्स ठरलेलं. साडूंची रॅकेट ३यूची, डोक्याकडे जड, दांडी लोखंडी सळईसारखी, वर गटिंग, म्हणजे तार, २८ पाउंडांच्या ताणाची. उंच शटल मिळालं तर त्यांचा स्मॅश सणकून येतो, नाही म्हणत नाही. पण त्यांना उंच देतंय कोण? मी आणि माझी पुतणी अंगावर सपाट ड्राइव्ह मारत राहतो. ते जड डोकं फिरवून पुन्हा समोर आणेपर्यंत शटल छातीवर आदळलेलं असतं. पुतणीची रॅकेट ५यू आहे, आणि तुमच्या बजेटपेक्षा स्वस्त. हरल्यावर साडू म्हणणार, शटलच खराब होतं.

तेवढं मात्र अर्धं खरं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा तापून विरळ होते, शटल लांब जातं. योनेक्सचं नायलॉनचं मेव्हिस शटल वापरत असाल तर उन्हाळ्यात निळ्याऐवजी हिरव्या पट्टीचं घ्या, ते हळू जातं. साडूंनाही सांगून झालं. ऐकतील तर साडू कसले!

स्मॅशचा जोर येतो कोपरापुढचा हात वेळेवर फिरवण्यातून. तार जितकी ताणाल तितकं शटल नेमकं मधोमध लागावं लागतं, नाहीतर सगळा भार खांद्यावर. साडूंचा खांदा दुखतो तो वयामुळे, असं त्यांचं म्हणणं. असेल बुवा.

तुम्ही २२-२४ पाउंडावर थांबा. योनेक्सची बीजी ६५ तार ०.७० मिलिमीटर जाड असते, टिकते. तीनही हजार फ्रेमवर उडवू नका, गटिंगचे पैसे बाजूला काढा. आणि रॅकेट उन्हात गाडीत ठेवू नका, तार ढिली पडते.

योनेक्समध्ये नॅनोफ्लेअर हेड-लाइट (डोक्याकडे हलकी), ॲस्ट्रॉक्स हेड-हेवी, आर्कसेबर मधली. बाकी कंपन्यांतही असेच प्रकार आहेत. दुकानदार काहीही सांगो, मुठीच्या वरच्या शंकूवर किती यू छापलंय ते स्वतः वाचा.

हां, जोडीदार नेटवर पक्का असेल आणि तुम्ही कायम मागेच उभे राहून मारत असाल, किंवा सिंगल्स जास्त खेळत असाल, तर हेड-हेवी चालेल. पण तीही ४यूमध्येच. ३यू नको म्हणजे नको.