वडिलांचा रोलचा कॅमेरा सापडलाय. फोटोग्राफी त्यावरच शिकू की डिजिटल घेऊ?

तुम्ही लिहिलंय की कपाट आवरताना वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा सापडला, हौस म्हणून फोटोग्राफी शिकायची आहे आणि मित्र म्हणतात, खरी फोटोग्राफी फिल्मवरच येते. मी उलट सांगेन. आधी डिजिटलवर शिका, वडिलांचा कॅमेरा सहा महिन्यांनी हातात घ्या. मी स्वतः वर्षाला पाच-सहा रोल काढतो, तरीही हेच सांगतोय.

कारण मी नेमकं तुमच्या मित्रांचं ऐकल्यासारखंच केलं होतं. मुंबईत बोरा बाजारातून वापरलेला पेंटॅक्स के-१००० उचलला. १९७६ ते १९९७ फारसा न बदलता बनत राहिलेला कॅमेरा. सगळं यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरच्या, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या काट्याला. (मीटर बंद करायला बटणच नाही, लेन्सला टोपी घातली की तो झोपतो. हे मला दोन बॅटऱ्या संपल्यावर कळलं.) तो गळ्यात अडकवून मी दिवे घाटात माउलींच्या पालखीला गेलो. भरून आलेलं आभाळ, वळणावळणानं चढणारी दिंडी, झकास फोटो मिळत होते. रोल छत्तीस फोटोंचा. छत्तीस झाले. सदतिसावा झाला. म्हटलं, असतो एखादा जास्तीचा. एकेचाळिसाव्यालाही फिल्म पुढे ओढायचा लिव्हर लोण्यासारखा सरकला तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मचं टोक ती गुंडाळून घेणाऱ्या स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. दिवसभर मी रिकामा खटका दाबत होतो. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ आपोआप फिरायला हवी, ती फिरत नसेल तर रोल पुढे जात नाहीये, एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरी गंमत त्यानंतरच्या रोलांची. ते नीट भरले गेले. लॅबमध्ये धुवायला टाकले, दहा-बारा दिवसांनी स्कॅन आले. निम्मे फोटो अंधारे, काही हललेले. का? कुठल्या फोटोला शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) किती होतं, अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) किती, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. चूक दिसत होती, पण ती कुठे झाली ते सापडत नव्हतं. फिल्म संयम शिकवते म्हणतात ते खरं असेल, पण एक्स्पोजर, म्हणजे फोटोला किती प्रकाश द्यायचा ते, ती आपण होऊन शिकवत नाही. शिवाय रोल, धुलाई, स्कॅन मिळून माझे दीड हजाराच्या आसपास जातात, म्हणजे एका क्लिकला चाळीस-एक रुपये. एवढ्या फीमध्ये निदान चूक तरी कळावी.

डिजिटलमध्ये प्रत्येक फोटोच्या पोटातच त्याची कुंडली असते. शटर, अॅपर्चर, आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील ते), वेळ. पुढच्या वर्षी मी त्याच वळणावर जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आरशाचा डिजिटल कॅमेरा घेऊन उभा होतो. पांढऱ्याशुभ्र धोतर-टोप्यांची गर्दी, आणि पडद्यावर सगळे वारकरी मळकट राखाडी! फोटो तिथेच दिसत होता, त्यामुळे तिथेच डोकं खाजवलं. कॅमेऱ्याच्या मीटरला धोतर कळत नाही. समोर जे काही असेल ते मध्यम करडं आहे असं धरून तो प्रकाश मोजतो. पांढऱ्याची गर्दी असली की तो फोटो काळवंडून टाकतो, म्हणून आपण एक्स्पोजर एक-दीड स्टॉपने वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). काळ्याच्या बाबतीत उलटं. वेरूळला कैलास लेण्याचा कातळ चौकटभर घेतलात तर तो दगड धुरकट करून ठेवेल, तिथे कमी करायचं. हा एक धडा मला तीन रोलांत उमगला नव्हता, तो पंधरा मिनिटांत कळला.

तेव्हा सेकंडहँड डीएसएलआर किंवा मिररलेस (तसाच, पण आरसा नसलेला) घ्या, महागाचा नको. सोबत ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स. फोनवर भागेल का? शटर आणि आयएसओपुरतं प्रो मोडमध्ये, जिथे आकडे आपण ठरवतो, भागेल, पण बहुतेक फोनांचं अॅपर्चर पक्कं बसवलेलं असतं, ते शिकता येत नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. गणपतीत ढोल पथकासमोर उभे राहा. शटर १/५०० सेकंद ठेवलं की टिपरू हवेत थिजतं, १/१५ ला त्याचा पंखा होतो आणि वादकाचा चेहरा जरा स्थिर राहिला तर फोटोला आवाज येतो. दोन्ही काढा, घरी येऊन आकडे बघा. ऑटो मोड आणि फिल्टर तेवढे दिवस बाजूला ठेवा.

दरम्यान वडिलांचा कॅमेरा तपासून घ्या. मॉडेल तुम्ही लिहिलं नाहीत. त्यावर शटर आणि अॅपर्चर फिरवायची सोय नसेल, तर तो घरगुती ऑटोमॅटिक कॅमेरा आहे. आठवणीसाठी उत्तम, शिकायला निरुपयोगी. लेन्समधून उजेडाकडे बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही कोकण-मुंबईत, कपाटातल्या लेन्सला ती हमखास धरते. मागच्या दाराच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटत असेल तर तो बदलून घ्या, नाहीतर फोटोंवर उजेडाचे पट्टे येतील.

आणि डिजिटलची सवय झाल्यावर फिल्म घ्याल तेव्हा एक खोड मोडावी लागेल. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की गेलं, काही केल्या परत येत नाही, म्हणून आपण उजळ भाग सांभाळतो. निगेटिव्हचं बरोबर उलटं. तिला जास्तीचा प्रकाश बऱ्यापैकी पचतो, पण सावलीत प्रकाश पोचलाच नाही तर तिथे निगेटिव्ह कोरी राहते. शंका आली की फिल्मला थोडं जास्तच द्यायचं.

पहिला रोल ब्लॅक अँड व्हाइट घ्या, कारण तो घरी धुता येतो. मी इलफर्डची एचपी५ ही फिल्म वापरतो. डी-७६ या डेव्हलपर रसायनाच्या तयार द्रावणात आणखी पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं. आता पुण्यात मे महिन्यात २० अंशांचं पाणी कुठून आणायचं? टाकीतून येतं ते चहाला निम्मं तापलेलंच असतं. मी रसायनाच्या बाटल्या परातीत बर्फाच्या पाण्यात उभ्या करतो आणि थर्मामीटर घेऊन बसतो. बायको विचारते, "ताप कुणाला आलाय?" चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत हात घालून धुलाईच्या रिळावर फिल्म चढवताना तळव्यांना घाम सुटतो आणि फिल्म प्लास्टिकच्या खाचेत मध्येच अडकते. फिल्म धुलाईच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा, मग हात बाहेर काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. जोर लावून पुढे ढकललीत तर चंद्रकोरीसारखे डाग पडतात.

तिसऱ्या वारीला मी पुन्हा पेंटॅक्स नेला, पण खिशात चिमुकली वही होती. प्रत्येक फोटोला एक ओळ. ती वही अजून आहे. बाविसाव्या फोटोसमोर लिहिलंय: "अॅपर्चर एफ ५.६, मीटर १/५०० म्हणतो, पांढरं आहे म्हणून १/२५० दिलं. तुळशीवाल्या आजी हसल्या." निगेटिव्ह धुतली तर एक्स्पोजर अगदी बरोबर. नऊवारीची घडी न् घडी दिसतेय, डोक्यावरच्या तुळशीची पानं मोजता येतील. आजींच्या तोंडासमोर मात्र कुणाची तरी छत्री आलीय.