रिकाम्या घराच्या फोटोत तिथे राहिलेली माणसं कशी दिसतील?

ठाण्याच्या नौपाड्यातलं आजी-आजोबांचं घर पुनर्विकासाला चाललंय, सामान हललंय, आणि फोटो मात्र एजंटच्या जाहिरातीसारखे येतात, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा दोष वाइड लेन्सचा असतो. फोनवर 0.5 वापरू नका. 1x किंवा 2x ठेवा, कॅमेऱ्यावर 35 ते 50 मिमी. अख्खी खोली एका चौकटीत कोंबू नका. जिथे अंग टेकायचं, हात लागायचा, तिथे जा. आणि त्याआधी झाडू तर अजिबात मारू नका!

पलंगाच्या उशाशी भिंतीवर केसांच्या तेलाचा डाग शोधा. दोघं टेकून बसत असतील तर दोन डाग मिळतील, वेगवेगळ्या उंचीवर. डिस्टेंपर तेल पितो, त्यामुळे तिथे डाग गडद होतो आणि खिडकीच्या मऊ उजेडात समोरूनही नीट येतो. ऑइलपेंटवर फक्त चकाकीत फरक पडतो. खिडकीचं प्रतिबिंब नेमकं त्या जागी येईल इतकं बाजूला सरका. दाराच्या चौकटीवर नातवंडांच्या उंचीच्या पेन्सिलरेषा असतील तर फ्लॅश बंद, कारण शिसं चमकतं आणि रेघ पुसट होते. खिळ्यांची भोकं, पलंगाच्या पायांचे खळगे यांना उजेड आडवाच हवा: टॉर्च हातभर लांब, भिंतीला किंवा फरशीला जवळपास समांतर.

लेन्स जमिनीपासून साधारण 75 सेंमीवर ठेवा, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेला. ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, एफ/8 (लेन्सचं छिद्र), 2 सेकंदांचा टायमर. ट्यूब बंद करा, नाहीतर भिंतीवर दोन रंगांचा उजेड मिसळतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, भिंतीवरून घ्या, खिडकी जळली, म्हणजे पांढरीफट्ट झाली, तर जळू द्या. कॅलेंडरमागचा फिका चौकोन एचडीआरमध्ये, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणाऱ्या मोडमध्ये, सपाट होतो. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर रॉमध्येच काढा.

दक्षिणेची खिडकी असेल तर डिसेंबर उत्तम. ठाण्यात तेव्हा दुपारचा सूर्य जेमतेम 47 अंशांवर असतो, गजांच्या सावल्या फरशीवर आत येतात. मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर, ऊन आत येतच नाही.

भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले फोननंबर चौकटीबाहेर ठेवा. आणि पलंगाजवळचे फोटो कुणालाही पाठवण्याआधी आजी-आजोबांना दाखवा. ती जागा त्यांची आहे. त्यांनी नको म्हटलं, तर ते फोटो घरातच राहू द्या.